न पिळलेली झोळी

मी रोसेन्दाच्या पाठीवरची झोळी बोलतेय. बोलतेय म्हणताना जरा अवघडल्यासारखं होतं, कारण माझ्याजवळ सांगण्यासारखं असून असून काय असणार? एका पोरीचं वजन आणि तिची ऊब. निळं कापड, कडेला तपकिरी पट्टे, टोकांना गोंडे. ज्वालामुखींच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या तळ्याकाठी अशा झोळ्या घरोघरी असतात आणि त्यातली एकही आपलं चरित्र सांगत बसत नाही. पण निकोलासाला धरणारी मी एकटीच आहे, आणि निकोलासा दूध पीत नाहीये. म्हणून बोलतेय.

माझा जन्म कमरेवर झाला. खरोखरच कमरेवर. मागाचं एक टोक अंगणातल्या अवोकॅडोच्या झाडाला बांधलेलं आणि दुसरं टोक रोसेन्दाच्या कमरेच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा ताठ व्हायचा, पुढे वाकली की सैल. पोटात तेव्हा निकोलासा होती. पोट वाढत गेलं तसा रोसेन्दाचा हात माझ्यापर्यंत पुरेनासा झाला, आणि एकदा आतून अशी लाथ बसली की एका तपकिरी पट्ट्यात धागाच चुकला. रोसेन्दा तो उसवायला बसली.

"राहू दे," सासू म्हणाली. सासूचं नाव चोना. गावातली अर्धी पोरं तिच्याच हातांत जन्मलेली. "मास्तरीणबाई, झोळी आहे ती, शाळेची वही नव्हे. पोरानं सही केलीय, असू दे."

मास्तरीणबाई हा टोमणा होता. रोसेन्दा शिक्षिकेची परीक्षा पास झालेली, पण शाळेत जागा कधी निघाली नाही. मग ती विणकर बायकांच्या मंडळात बसू लागली. लाँचमधून परदेशी पाहुणे यायचे, त्यांना ती समजावून सांगायची की हा रंग सालीचा, हा निवडुंगावरच्या किड्याचा, आणि पौर्णिमेला रंगवलं की पक्का बसतो. कुणी विचारलं, "खरंच पौर्णिमेला?" तर ती हसून म्हणायची, "असं म्हणतात." धड होही नाही, धड नाहीही नाही. सगळ्याच बाबतीत तिचं असं होतं. रात्री फळीवरच्या संताच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची आणि लगेच ती विझेल, आग लागेल म्हणून उठून बघायची.

निकोलासा झाली आणि मी कामाला लागले. झोळीच्या नशिबी एक उणीव असते, ती सांगून टाकते. मला पोरीचे गुडघे ठाऊक, पाठीचा मणकान्‌मणका ठाऊक, पोट भरलेलं आहे की रिकामं ते ठाऊक. पण तोंड नाही. तोंड माझ्या काठाबाहेर असतं, जगाकडे. ती कशी दिसते हे मी बाजारातल्या बायकांच्या बोलण्यावरून जुळवत असे. नाक आजीचं, म्हणायच्या. मी आजीचं नाक निरखून बघायची आणि काळजीत पडायची.

रोसेन्दा चालता चालता हात मागे न्यायची आणि पोरीच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास चालू आहे ना? चालू असायचा. पुढच्या वळणावर पुन्हा बोट. इतर बायका हसायच्या. मी हसत नसे, कारण तिचं बोट गेलं की मी स्वतः पोरीची छाती चाचपत असे. आम्ही दोघी एका धाग्याच्या. घाबरट.

त्या दिवशी आम्ही सूत आणायला पलीकडच्या काठावर गेलो होतो. सकाळच्या लाँचनं जावं आणि सकाळच्याच लाँचनं परतावं, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही कळतं, कारण दुपारी वारा उठतो आणि मग तळं तळं राहत नाही. पण दुकानदारानं निळं सूत आत्ता येईल, आत्ता येईल म्हणत बसवून ठेवलं. शेवटी दुपारची लाँच मिळाली. मागच्या कोरड्या जागा नावाड्यानं पाहुण्यांना दिल्या आणि रोसेन्दाला म्हणाला, "ताई, तुम्ही पुढं बसा, तुम्हाला सवय असते."

पुढच्या फळीवर मार सगळ्यात जास्त. लाँच लाटेवर चढायची, अधांतरी थांबायची आणि धाडकन आपटायची. मागचे पाहुणे जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे ओरडत होते, मजेत, हात वर करून, फोन उंच धरून. रोसेन्दानं मला पाठीवरून पुढे ओढलं, पोरीला छातीशी दाबलं आणि डोळे मिटले. मग एक आपटी अशी बसली की माझ्यातली पोर लाकडासारखी ताठ झाली. आणि त्यानंतर सैल पडली.

वजन तेवढंच होतं. पण ती हलकी झाली होती. हे मला नीट सांगता येत नाही. भरलेली घागर आणि पालथी घागर यांत जो फरक, तसा काहीतरी.

घरी आल्यावर तिला उलटी झाली. सगळं माझ्यावर. रोसेन्दानं मला तळ्याच्या दगडावर नेलं, साबण लावला, चोळलं, आपटलं, पिळलं आणि कुंपणावर वाळत घातलं.

रात्री पोरीनं दूध घेतलं नाही. सकाळी घेतलं नाही. रडलीही नाही. डोळे उघडे ठेवून छपराच्या वाशांकडे बघत पडून होती म्हणे. रोसेन्दा तिला आरोग्यकेंद्रात घेऊन गेली. तिथल्या परिचारिकेनं डोकं पाहिलं, छाती ऐकली, पाय हलवून पाहिले. ताप नाही, कुठं मार नाही, छाती साफ. चमच्यानं थोडं थोडं दूध घाला, म्हणाली. आणि मग रोसेन्दाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत अंगावर प्यायली नाही तर पलीकडच्या इस्पितळात न्यायची. थांबायचं नाही. एवढीशी पोरं लवकर सुकतात."

पलीकडे. म्हणजे पुन्हा लाँच. येताना धक्क्यावर एक लाँच सुरू झाली आणि तो आवाज ऐकून निकोलासा पुन्हा ताठली. मला पहिल्यांदा वाटलं, आपण लोखंडाच्या असतो तर बरं झालं असतं. धरायचं काम कापडाचं नाही.

चोना एका बाळंतपणाहून नुकतीच परतून दारातच उभी होती. पोरीला बघितलं, पापणी उलटून पाहिली आणि विचारलं, "कालची झोळी हीच ना?"

"हीच."

तिनं माझं टोक नाकाशी नेलं. "हिला साबणाचा वास येतोय."

"उलटी झाली होती, आत्या. धुतली."

"धुतलीस?" चोना मटकन खालीच बसली. "अगं, भ्यालेल्या पोराची झोळी धुतात का कुणी? त्या वासावर तर पोर घरी येते! बापानं एवढं शिकवलं तुला, आणि हे नाही शिकवलं?"

"शाळेत नव्हतं ते," रोसेन्दा म्हणाली. हे ती चेष्टेत म्हणायला गेली आणि अर्ध्यावर रडायला लागली.

चोनानं तिला रडू दिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "जीव पडलाय पोरीचा. तळ्यात. इथं नुसतं अंग आणलंस तू. आता जिथं पडला तिथं जायचं, हीच झोळी घेऊन, आणि बोलावून आणायचं. सकाळी, वारा उठायच्या आत."

"तळ्यात कुठं पण?" हे गास्पार म्हणाला. गास्पार रोसेन्दाचा नवरा, मासे धरतो. त्याला तळं म्हणजे एक जागा नसते, हजार जागा असतात. एका काठावरची खूण आणि दुसऱ्या काठावरची खूण एका रेषेत आली की ती एक जागा, आणि वीत-दोन वीत सरकलं की ती दुसरी. "देऊळ कुठल्या डोंगराखाली दिसत होतं? कडा डाव्या हाताला होता का?"

"माझे डोळे मिटलेले होते."

"सगळा वेळ?"

"तू असतास तर काय गाणी म्हटली असतीस?"

तो मग हळूच म्हणाला, "म्हटली असती. मला भीती वाटली की मी गातो." त्याला खरंच तशी सवय आहे.

मी सगळं ऐकत होते आणि मनात एकच चाललं होतं. समजा जागा सापडली. समजा पोरीचा जीव तिथंच बसलेला असला. तर तो माझ्याकडे का येईल? माझ्यात आता तिचं काय उरलंय? साबण आणि ऊन. पोरगं आपली आई ओळखतं ते वासावरून. धुतलेली झोळी म्हणजे परकी बाई.

फोन रोसेन्दालाच आठवले. पाहुण्यांनी उंच धरलेले फोन. त्यांतली एक बाई, लिस्बेत नावाची, अजून गावातच मुक्काम करून होती, मंडळातल्या दोमितिलाच्या घरी. संध्याकाळी आम्ही गेलो. लिस्बेत मोडकं-तोडकं बोलायची, पण माणूस मोकळं. "ओ, काल! केवढी मजा आली, नाही?" म्हणाली, आणि रोसेन्दाचा चेहरा बघून थांबली. मग काही न विचारता फोन शोधून समोर धरला.

गास्पारनं डोंगर बघितले. रोसेन्दानं पोर बघितली. आणि मी मला बघितलं.

मी किती लहान दिसत होते. मला वाटायचं मी तिला चहूबाजूंनी घट्ट धरलेलं असतं. त्या चित्रात मी वाऱ्यानं फडफडणारी एक चिंधी होते आणि माझ्यातून एक तोंड बाहेर आलेलं होतं. तेच. जे मी कधी पाहिलं नव्हतं. नाक आजीचं होतं खरं. डोळे एवढाले. तोंड सताड उघडं आणि त्यातून आवाज येत नव्हता. सगळे ओरडत होते, फक्त तिचाच आवाज नव्हता. माझ्या पोरीचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं ते असं.

"थांबव," गास्पार म्हणाला. "इथं थांबव. ही बघ, कड्यावरची कोसळलेली दरड. आणि तिच्या बरोबर खाली देवळाचा मनोरा. आणि या अंगाला मोठ्या ज्वालामुखीचा खांदा. बास. कळलं."

"काय शोधताय तुम्ही?" लिस्बेतनं विचारलं.

रोज पाहुण्यांना साल, किडा, पौर्णिमा समजावणाऱ्या रोसेन्दाला शब्द सापडेना. शेवटी म्हणाली, "तळ्यात काहीतरी पडलंय आमचं."

"महाग होतं का?"

"हो," रोसेन्दा म्हणाली.

सकाळी चोनानं मला रोसेन्दाच्या पाठीवर रिकामीच बांधली, आत पोर असल्यासारखी फुगवून. पोरीला आपल्याकडे ठेवून घेतलं. बांधता बांधता बजावत होती. आईनंच बोलवायचं, दुसऱ्या कुणी नाही. परत येताना मागे वळून बघायचं नाही. वाटेत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, बोललीस की जीव तिथंच बोलत बसतो. आणि झोळी पिळायची नाही, काही झालं तरी पिळायची नाही.

"आणि आत्या, दुपारपर्यंत नाहीच प्यायली तर?"

"तर हिला घेऊन मीच लाँचमध्ये बसते आणि इस्पितळ गाठते. मी सुईण आहे, येडी नाही."

होडी शांत पाण्यावरून निघाली. दूध तटतटून रोसेन्दाची चोळी ओली झाली होती. तिनं मला सोडून पुढे घेतलं आणि छातीशी धरलं. का धरलं, मला माहीत नाही. कदाचित नुसतं टिपायला. पण ते दूध माझ्यात मुरलं, साबणाच्या वासावर चढलं, आणि माझ्या जिवात जरा जीव आला. आता निदान मी परकी नव्हते.

गास्पार वल्हं मारत मागे-पुढे मान वळवत होता. दरड. मनोरा. थोडं अजून. मग वल्हं उचलून धरलं. "इथं."

"नक्की?"

"मला माशांच्या जागा अशाच तर सापडतात."

रोसेन्दानं माझं टोक हातात धरलं आणि मला पाण्यावर मारलं. "निकोलासा," ती म्हणाली. "निकोलासा, घरी चल." आणि काठाकडे बघितलं, कुणी ऐकत तर नाही ना. शिकलेली बाई, होडीतून पाण्याशी बोलतेय. मलाही तिच्यासाठी लाजल्यासारखं झालं.

"अशी काय हजेरी घेतेस?" गास्पार म्हणाला. "बोलव तिला."

तिनं पुन्हा मारलं. पुन्हा. पाणी तिच्या तोंडावर उडालं. आणि मग तिच्या आत काहीतरी तुटलं. "ये गं," ती म्हणाली. "ये माझे बाई. तिथं नको बसूस, तिथं गार आहे, काळोख आहे, तुला कुणी घेणार नाही तिथं. मी पुढं बसायला नको होतं. मला सांगता आलं असतं त्याला, मी नाही सांगितलं. माझ्यावर राग धर, पण घरी येऊन धर. हे बघ, तुझी झोळी आणलीय. शीर हिच्यात. दूध आहे, बघ, सगळं वाहून चाललंय. ये ना गं. ये ना!" शेवटचं इतक्या मोठ्यानं ओरडली की दूरच्या दोन होड्या थांबल्या. तिनं पाहिलंही नाही.

मी पाण्याखाली होते. मी माझा धागान्‌धागा उघडला. तळं आमच्या गावाखाली किती खोल आहे हे कुणालाच ठाऊक नाही, आणि मी वीतभरच खाली गेलेली. तिथून मी हाका मारत होते. मला आवाज नाही, पण मारत होते. काही आलं का माझ्यात? मला वाटलं, आलं. मला वाटलं, एकदम वजन वाढलं. पण भिजलेल्या कापडाचं वजन वाढतंच. मी शपथ घेऊन काही सांगू शकत नाही.

तिनं मला उचललं, न पिळता गोळा केलं आणि तशीच निथळती पाठीवर बांधली.

आता त्या वाटेचं सांगते, कारण तेवढी भीती मला लाँचमध्येही वाटली नव्हती. माझ्यातून पाणी गळत होतं. थेंब होडीत पडत होते, धक्क्याच्या फळ्यांवर पडत होते. आणि मला कळत नव्हतं, यातला कुठला नुसता थेंब आणि कुठला निकोलासा. मी गोंडे आवळायला बघितलं. पाणी आवळता येत नाही.

धक्क्यावर लाँच लागलेली होती, पाहुण्यांची गर्दी. दोमितिला लांबून ओरडली, "रोसेन्दा! बरी सापडलीस, एवढी माणसं आलीत, त्यांना रंगाचं सांग ये!" रोसेन्दा चालत राहिली. "अगो बया! कानांत बोळे घातलेत का? परवापासून मंडळात तोंड दाखवलं नाहीस, आता बोलायचीही चोरी?" लिस्बेत गर्दीतून पुढे आली, हसून म्हणाली, "सापडलं का?" तिच्यामुळेच जागा कळली होती, आणि रोसेन्दाला तिच्यासाठी नुसती मानही हलवता येईना. रोसेन्दानं ओठ दातांत धरले. लिस्बेतचं हसू विरलं. तिला वाटलं असणार, ही रागावलीय. वाटू दे. मी मनात म्हणत होते, चल, चल, बाई, मी रिकामी होतेय.

चढण चढताना रोसेन्दा जवळजवळ धावत होती. मागे दगडी पायऱ्यांवर ओली रेघ उमटत चालली होती आणि वर ऊन तापत होतं. मागे बघायचं नव्हतं म्हणून तिनं ती पाहिली नाही. मी पाहिली. मला ते चुकवता आलं नाही.

दारात चोना पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. आम्हाला बघताच तिनं मोठ्यानं विचारलं, "निकोलासा, आलीस का गं?" आणि मग स्वतःच, बारीक आवाज काढून, लहान पोरीसारखी म्हणाली, "आले, आजी. आले." ही चोना म्हणजे गावभर बायकांना दरडावणारी बाई. तो बारीक आवाज काढताना तिचा घसा फाटला.

तिनं मला सोडून घेतलं आणि ओलीचिंब, गार, तशीच्या तशी पोरीच्या उघड्या अंगावर घातली.

पोरीचं पोट आत गेलं. बरगड्या वर आल्या. आणि मग ती रडली. केवढी रडली! लाँचमध्ये जे तोंड उघडं राहिलं होतं त्यातला सगळा आवाज आता बाहेर आला. जीव आला म्हणून रडली, की एवढ्याशा उबदार पोटावर तळ्याचं गार पाणी पडलं म्हणून रडली, हे मला विचारू नका. मी कापड आहे. मी दोन्ही होते.

रोसेन्दानं तिला हिसकावून घेतलं. मी घसरले आणि चुलीजवळ जमिनीवर पडले, घड्या होऊन, भिंतीकडे तोंड करून. तिथून मला काही दिसत नाही. रडणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

बाहेरून गास्पार म्हणाला, "काय झालं? सांगेल का कुणी?"

"गप्प," चोना म्हणाली.

खाली धक्क्यावर दुपारची लाँच भोंगा देतेय. इस्पितळासाठी चोनाची पिशवी दाराशी भरून ठेवलेली मला ठाऊक आहे. अजून कुणी उठलेलं नाही. मघाशी एकदा, अगदी बारीक, घुटक असा आवाज आला. तो पोरीच्या घशातला होता, की रोसेन्दानं आवंढा गिळला, ते कळलं नाही. आणि एक घोट म्हणजे काही पिणं नव्हे.

माझ्याखाली जमीन ओली होत चाललीय. माझं सांगून झालं. आता तुम्हीसुद्धा जरा श्वास धरा, पाय वाजवू नका, त्या लाँचवाल्याला कुणीतरी भोंगा बंद करायला सांगा. दुसरा घोट ऐकायचाय मला.